सामूहिक निर्णयपद्धती आणि व्यक्तिगत हक्क (चंद्रपूर-गडचिरोली)

जमीन, जंगल यांसारख्या साधनसंपत्तीची मालकी व तिच्याविषयीचा निर्णय व्यक्तीकडे असावा की समुदायाकडे, या प्रश्नाचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ग्रामसभांच्या कारभारातून दिसणारे रूप. सामायिक साधन कोणाचेच नसल्याने ते ओरबाडले जाते, हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील प्रतिपादन दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले व पाळले तर असे साधन टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच वर्षी मेंढा (लेखा) या गोंड गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला.

पूर्वीच्या मध्य प्रांतात गावकऱ्यांना सरपण, घरबांधणीचे लाकूड व चराई यांची जी मुभा असे, तिला निस्तार म्हणत. ती वापरापुरती होती. जंगलाच्या व्यवस्थेत गावाला शब्द नव्हता.

वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये व्यक्तिगत व सामूहिक अशा दोन्ही दृष्टी एकत्र नांदतात. वहिवाटीतील वनजमिनीवर कुटुंबाला चार हेक्टरांच्या मर्यादेत व्यक्तिगत हक्क मिळतो, तर गावाच्या पारंपरिक वनक्षेत्राचे रक्षण व व्यवस्थापन यांचा हक्क ग्रामसभेचा असतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा येथे इचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या १९८० नंतरच्या आंदोलनातून गावकारभाराचा विचार रुजला आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे आली. देवाजी तोफा हे या गावाचे नेतृत्व, तर मोहन हिराबाई हिरालाल हे गावाचे दीर्घकाळचे सहकारी होते. येथे निर्णय बहुमताने होत नाहीत. विषयाची चर्चा आधी अभ्यासगटात होते, त्यात बाहेरचे जाणकारही बसू शकतात, मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा व तोही सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध शिल्लक असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. ही पद्धत वेळखाऊ आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु तिच्यात व्यक्तीचे मत बहुमताखाली दबत नाही, आणि म्हणून सामूहिकता व व्यक्तिस्वातंत्र्य यांना परस्परविरोधी मानण्याची रूढ मांडणी येथे अपुरी पडते. अभ्यासगट वगळून केवळ सर्वसहमतीचे अनुकरण केल्यास ती वजनदार माणसाच्या मताला दिलेली मूक संमती ठरण्याचा धोका राहतो.

मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क मिळूनही बांबूचा प्रश्न सुटला नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ बांबूला वृक्ष मानत होता, तर २००६ चा अधिनियम त्याला गौण वनोपज ठरवतो. या विसंगतीमुळे वाहतूक परवाना कोणी द्यायचा, यावर ग्रामसभा व वनविभाग यांच्यात वाद झाला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तिका ग्रामसभेकडे देण्यात आली. विक्री, मजुरी व हिशेब त्यानंतर ग्रामसभेच्या हाती आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव येथील ग्रामसभेला २०१२ मध्ये असाच सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचे उत्पन्न घेत असतानाच, तेंदूपानांसाठी फांद्या छाटणे व आगी लावणे टाळण्यासाठी तिने ती पाने तोडणे बंद केले. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय विशेष उल्लेखनीय आहे.

साधनसंपत्तीविषयी निर्णय कोणाचा, हा प्रश्न खनिजाबाबतही उभा आहे: एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिज उत्खननास परिसरातील अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदवला आहे.

मेंढ्याने पुढे जंगलाप्रमाणे शेतजमिनीबाबतही सामूहिकतेचा मार्ग धरला. विनोबा भावे यांच्या ग्रामदान विचारावर आधारलेल्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ नुसार जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे वंशपरंपरेने राहतो आणि गावाबाहेर जमीन विकता येत नाही. हा निर्णय गावाने २०१३ मध्ये घेतला. लेखा गट ग्रामपंचायतीत असलेल्या मेंढ्याला स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला.