स्तंभनिवड, मजकूररूप माहितीसंचातील

साध्या अक्षरमजकुराच्या स्वरूपात साठविलेल्या सारणीतून हवे तेवढेच उभे स्तंभ टंकलिखित आज्ञेने वेगळे काढण्याची क्रिया. अशा सारणीतील प्रत्येक ओळ ही एक नोंद असून तीमधील रकाने टॅब, स्वल्पविराम किंवा अपूर्णविराम यांसारख्या विभाजक चिन्हाने अलग केलेले असतात. स्तंभ क्रमांकाने ओळखावा की नावाने, या प्रश्नाभोवती या तंत्राचा विकास झालेला दिसतो.

पूर्वपीठिका : हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९) यांची छिद्रित कार्डांची यंत्रे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरली गेली. छिद्राचे कार्डावरील स्थान हेच त्याचा अर्थ ठरवीत असे. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे कार्ड प्रचारात आणले. या पद्धतीत कार्डाची मांडणी बदलली की ते वाचणाऱ्या यंत्राची जुळणीही बदलावी लागे. आयबीएममधील एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये माहितीसंचाचे संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहितीची साठवण कशीही बदलली, तरी ती वापरणाऱ्या आज्ञावलीस बाध येऊ नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता. मोजके स्तंभ ठेवून उरलेले वगळणे व त्यामुळे एकसारख्या झालेल्या ओळींपैकी एकच राखणे, या क्रियेस त्यांनी ‘प्रक्षेप’ म्हटले.

युनिक्समधील साधने : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचे काम सुरू झाले. डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये तीत ‘पाइप’ ही सोय आली. तिच्यामुळे एका आज्ञेचे फलित थेट दुसऱ्या आज्ञेस पुरविता येऊ लागले. १९७७ मध्ये आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहॅन यांनी ‘ऑक’ ही भाषा रचली. तिचे नाव या तिघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. ती प्रत्येक ओळीचे रकाने पाडून त्यांना क्रमांक देते. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम थ्री (१९८२) या आवृत्तीत आढळणारी ‘कट’ ही आज्ञा केवळ स्तंभ कापून देते.

युनिक्सच्या वापरकर्त्यांची सूची हे याचे परिचित उदाहरण होय. तिच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी विभागलेले सात रकाने असून पहिल्यात वापरकर्त्याचे नाव व सातव्यात त्याच्या ‘शेल’ या आज्ञावाहक आज्ञावलीचा पत्ता असतो. ‘कट’ने सातवा स्तंभ काढल्यास तोच पत्ता अनेकदा येतो; कॉड यांना अभिप्रेत असलेला प्रक्षेप मिळविण्यासाठी फलिताची क्रमवारी लावून द्विरुक्ती गाळावी लागते. शिवाय ‘कट’ला तिसरा व मग पहिला स्तंभ मागितला, तरी ती मूळ क्रमानेच देते. क्रम बदलण्यास ‘ऑक’ उपयोगी पडते.

क्रमांकाधारित निवडीत एक गंभीर धोका संभवतो. सारणीत मध्येच नवा स्तंभ घातला गेल्यास पुढील सर्व क्रमांक सरकतात. आज्ञा मात्र कोणतीही तक्रार न करता भलताच स्तंभ देते व रकमेऐवजी खातेक्रमांकांची बेरीज होऊ शकते. स्वल्पविरामाने विभागलेल्या फाइलीत अवतरणचिन्हांतील स्वल्पविरामही ‘कट’ विभाजकच मानते.

नावाने निवड : या अडचणीवरील उपाय ‘आरडीबी’ या आज्ञासंचात आढळतो. एव्हन शॅफर व माइक वुल्फ यांनी १९९१ च्या निबंधात त्याचे विवेचन केले. त्यातील सारणीच्या पहिल्या ओळीत स्तंभांची नावे, दुसरीत आडव्या रेघा व पुढे टॅबने विभागलेल्या नोंदी असतात. आज्ञेत स्तंभांची नावे दिली जातात. नावाची ओळ वाचून त्याचा क्रमांक ठरविला जात असल्याने स्तंभ सरकले तरी निवड चुकत नाही. कार्लो स्ट्रोझी यांनी १९९८ मध्ये याच धर्तीच्या प्रणालीस ‘नोएसक्यूएल’ हे नाव दिले. २००९ पासून ते नाव वेगळ्याच प्रकारच्या माहितीसंचांना रूढ झाले.

मर्यादा व उपयोग : स्तंभ काढण्यासाठी संपूर्ण फाइल आरंभापासून वाचावी लागते. एकाच वेळी अनेकांनी केलेले बदल सांभाळण्याची व्यवस्था साध्या फाइलीत नसते. त्यामुळे बँकव्यवहारांसारख्या कामांस ही पद्धती अपुरी पडते. याउलट अशी फाइल कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते आणि ती निर्माण करणारी आज्ञावली नष्ट झाली तरी माहिती शाबूत राहते. त्यामुळे दीर्घकाळ जतन करावयाच्या लहान व मध्यम आकाराच्या नोंदींसाठी ही पद्धती उपयुक्त ठरली आहे.