चोखोबांच्या घराची वंशावळ

इंग्लंडातल्या सरदार घराण्यांची सात-आठशे वर्षांची वंशावळ जमिनीच्या सनदा आणि खटल्यांच्या नोंदी यांवरून लावता येते. आपल्याकडे देशमुख-कुलकर्ण्यांचे पूर्वज वतनाच्या कागदांत सापडतात. ज्यांच्या नावे कागदच झाला नाही, त्यांनी आपला खापरपणजा कुठे शोधायचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडे याचे एक उत्तर आहे. चोखामेळा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका: चौदाव्या शतकातले एक अख्खे महार कुटुंब आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. याचे श्रेय कोणत्याही सनदेला नाही. या पाचही जणांनी अभंग रचले आणि शेवटी आपली नाममुद्रा घातली. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते. नाते आणि जात एकाच सहीत!

मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले. परंपरा शके 1260, म्हणजे इ.स. 1338, सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी आहे. त्या दारातून आत जायला अस्पृश्यांना 1947 साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

कर्ममेळ्यापुढे हा धागा तुटतो. मी घरातला पहिला पदवीधर. माझी वंशावळ आजोबांपाशी थांबते. चोखोबांची शरणागती मला पटत नाही; पण हीन जन्माबद्दल देवालाच जाब विचारणारा कर्ममेळा मला माझ्या रक्ताचा वाटतो. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो: घरातल्या म्हाताऱ्यांची नावे आणि आज्यांच्या ओव्या आजच लिहून काढा.