देवळालीच्या तापाला उतार

इंग्रजी कोशात ‘डूलाली’ असा एक शब्द सापडतो. अर्थ दिलेला असतो : डोके फिरलेला, भ्रमिष्ट. हा शब्द म्हणजे दुसरेतिसरे काही नसून नाशिकशेजारची आपली देवळाली होय. 1860च्या दशकात मुंबईचा लोहमार्ग घाट चढून नाशिककडे सरकत होता, त्या सुमारास इथल्या हवेशीर माळावर ब्रिटिश फौजेची संक्रमण छावणी वसली. विलायतेहून आलेली कुमक इथे उतरे आणि नोकरीची मुदत संपलेला गोरा शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच थांबे. फौजेच्या बोटी मात्र हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत भलत्या महिन्यात संपे, त्याला इथे महिनेच्या महिने काढावे लागत. हत्यार जमा झालेले, कवायत नावापुरती, काम काहीच नाही. उरे ते ऊन, दारू आणि हिवताप. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली माणसे इथे बिघडत, विचित्र वागू लागत. मग सोबती म्हणत, याला ‘डूलाली टॅप’ झाला. हा टॅप म्हणजे आपला ‘ताप’. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 सालच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत त्याची नोंद ठेवली आहे. पुढे ताप गळाला आणि नुसते ‘डूलाली’ उरले. दुखणे विसरले गेले, थट्टा तेवढी टिकली.

मनाच्या अशा दुखण्यांपैकी आघाताने जडणाऱ्या दुखण्यावरचा एक उपाय डोळ्यांच्या हालचालींतून आला. तो नेमका कुठून आला हे पाहायचे तर आपल्याला देवळालीच्याही मागे, गोव्यात जावे लागेल. 1756 साली कांदोळीला जोझे कुस्तोदियो द फारिया जन्मला. तोच पुढे ‘आबे फारिया’ म्हणून प्रसिद्ध झाला. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहताच त्याची वाचा बसली, तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि भीती पळाली, अशी आख्यायिका आहे. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याचा बोलबाला होता. वैद्याच्या हातातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह निघतो आणि रोगी बरा होतो, असे त्याचे म्हणणे. फारियाने 1813पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि उलटे सांगितले : प्रवाह वगैरे काही नाही, जे घडते ते रोग्याच्या स्वतःच्या मनात घडते, वैद्य फक्त निमित्त. लोकांनी त्याची टवाळी केली. 1819 साली तो वारला. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ निघाला. पणजीत 1945पासून त्याचा पुतळा उभा आहे. 1841 साली मँचेस्टरमध्ये जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने असले प्रयोग पाहिले आणि एका बिंदूवर नजर खिळवून संमोहन साधले. मनाच्या उपचारात डोळा शिरला तो असा. मात्र तो अजून स्थिर होता.

इकडे आघाताने जडणाऱ्या दुखण्याची नावे बदलत होती. 1866 साली लंडनच्या जॉन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांच्या थरकापाचे खापर पाठीच्या कण्यावर फोडले. 1871 साली अमेरिकेच्या डा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या शिपायांच्या धडधडीला हृदयाचे दुखणे मानले. फेब्रुवारी 1915मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला. म्हणजे कणा, काळीज, तोफगोळा असा फिरत फिरत दोष माणसाच्या चारित्र्यावर येऊन थांबला. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या 306 शिपायांना माफी मिळायला 2006 साल उजाडले. आपल्या 103व्या आणि 110व्या मराठा पलटणी त्याच युद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या; 29 एप्रिल 1916 रोजी तिथे शरणागती झाली. त्या शिपायांच्या रात्री कशा गेल्या, याला शब्दच मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण मात्र आपल्या मातीतले आहे. 1918 साली अहमदनगरला जन्मलेला, पुढे विनोदकार म्हणून गाजलेला स्पाइक मिलिगन 1944 साली इटलीत कॅसिनोच्या लढाईत जखमी झाला आणि मनाने खचला. फौजेने त्याचा हुद्दा काढून घेतला.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या रेट्यानंतर 1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातोत्तर तणाव विकृती, हे नाव आले. दोष आता माणसात नव्हता, त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगात होता. त्यानंतर सातच वर्षांनी, 1987 साली, फ्रान्सिन शापिरो कॅलिफोर्नियात एका बागेतून चालत होत्या. मूळच्या त्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. कर्करोगाशी सामना झाल्यावर मानसशास्त्राकडे वळलेल्या. मनातले छळणारे विचार अचानक बोथट झाल्याचे त्यांना जाणवले आणि त्याच वेळी आपले डोळे भराभर डावी-उजवीकडे फिरत होते, हेही लक्षात आले. 1989 साली त्यांनी 22 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीही होत्या. पुढे या पद्धतीचे ‘ईएमडीआर’ असे नाव रूढ झाले. तिचे आठ टप्पे आहेत. आधी रोग्याची हकीकत आणि मनाची तयारी. मग तो प्रसंग, त्याचे चित्र, शरीरातली कळ मनात धरायची आणि तज्ज्ञाच्या सरकत्या बोटांमागे नजर न्यायची. अर्ध्या मिनिटाच्या सुमारास थांबायचे, काय उमटले ते सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्रास शून्य ते दहा अशा पट्टीवर मोजतात. ही पट्टी मुळात जोसेफ वोल्पे यांची. आठवण पुसली जात नाही. तिचा दाह ओसरतो.

हे ऐकून जाणत्यांना मेस्मर आठवला नसता तरच नवल. हवेत बोटे फिरवून मन बरे करण्याचा हा जुनाच खेळ आहे, अशी टीका 1990च्या दशकात झाली. 2001 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालींचा वेगळा फायदा दिसला नाही. 2013 सालच्या दुसऱ्यात तो दिसला. आज बरेच संशोधक कार्यस्मृतीचे कारण देतात : मनाची ओंजळ लहान असते, नजर फिरवण्याचे काम आणि जळती आठवण दोन्ही तीत मावत नाहीत, म्हणून आठवण फिकी होऊन परत ठेवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली या पद्धतीची शिफारस केली. ब्रिटनच्या 2018च्या मार्गदर्शिकेने मात्र युद्धाव्यतिरिक्तच्या आघातांपुरतीच ती सुचवली, तर अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक खात्यांच्या 2023च्या मार्गदर्शिकेने सैनिकांसाठीही तिला पुढच्या रांगेत बसवले. म्हणजे युद्धात पोळलेल्या शिपायाला ती लागू पडते का, यावर अजून एकमत नाही. बोटांत जादू नाही, काम रोग्याच्या मनाचे, या निष्कर्षाशी मात्र बरेच जण आले आहेत. तो फारियाने दोनशे वर्षांपूर्वीच काढला होता.

आपल्या देशात ही पद्धत भूकंपाने आणली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा ही पद्धत परदेशातही बाल्यावस्थेत होती. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छ हादरले, तेव्हा परदेशी प्रशिक्षक गुजरातेत आले आणि मुंबईच्या सुषमा मेहरोत्रा यांच्यासारख्या मानसतज्ज्ञांनी हे काम पुढे नेले. मुलांसाठी बोटांऐवजी ‘फुलपाखराची मिठी’ होती : हात छातीवर आडवे घ्यायचे आणि आळीपाळीने खांद्यांवर थोपटायचे. मेक्सिकोत 1997च्या पॉलीन वादळानंतर ही युक्ती निघाली. इंग्रजीत या थोपटण्यालाही टॅपच म्हणतात. देवळालीचा टॅप हिणवणारा होता. हा सावरणारा आहे.

आज देवळालीत तोफखान्याची प्रशाला आहे आणि नाशिकमध्येच 1998 साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. ज्या गावाच्या नावाने जगाने वेड्याची थट्टा केली, त्याच परिसरातून आता राज्यातल्या मनोविकारतज्ज्ञांना पदव्या मिळतात. आपल्या घरात कोणी अपघातानंतर, पुरानंतर, मारहाणीनंतर रात्री दचकून उठत असेल, तर त्याला ‘डोक्याला ताप’ म्हणू नये. ही पद्धत प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच घ्यावी, दृक्‌फितीवर पाहून घरी करू नये. पहिले पाऊल फोनवरही टाकता येते : टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. बोटीची वाट पाहत बसायचे दिवस गेले.