बखरीकडून कागदाकडे
आमच्या जांबला शके १५३० च्या रामनवमीला नारायण ठोसर जन्मले. तेच पुढे समर्थ रामदास. त्यांचं चरित्र आधी बखरींनी सांगितलं, तिथे चमत्कार आणि घटना एकाच पंगतीला बसायच्या. १८२६ मध्ये ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला; लढाया, तह, तारखा पुढे आल्या. १८९८ पासून इतिहाससंशोधक राजवाड्यांनी मूळ कागदच छापायला घेतले. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडं जमवली. शिवराय-समर्थांची पहिली भेट १६४९ ची की १६७२ ची, हा वाद अशाच कागदांच्या आधारे झडला. त्या वादाने माझी श्रद्धा उणावत नाही. समर्थांवर प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्याविषयीचा प्रत्येक कागद पारखून वाचावा, असं मी गावातल्या पोरांना सांगतो.