मूल पुण्यात, निकाल मिशिगनचा : सीमेपार नेलेल्या मुलांचा कायदेशीर इतिहास

१/ जानेवारी १९८६. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका घटस्फोटित पित्याने आठवडाअखेरच्या भेटीचा हक्क वापरून सात वर्षांच्या मुलाला सोबत घेतले आणि थेट भारत गाठला. १९८२ मध्ये तेथील न्यायालयाने मुलाचा ताबा आईला दिला होता. परवानगीविना त्याला राज्याबाहेर नेण्यास मनाईही होती. मुलाचा शोध लागला तो पुण्यात.

२/ अमेरिकन आईने भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ‘हेबियस कॉर्पस’ची याचिका केली. बेकायदा डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करवणारा हा आदेश एरवी राजकीय कैद्यांच्या संदर्भात ऐकू येतो. येथे तो एका शाळकरी मुलासाठी मागितला गेला. न्यायमूर्तींनी मुलाशी आपल्या दालनात स्वतः संवाद साधला. नोव्हेंबर १९८६ मध्ये निकाल लागला : मूल आईच्या स्वाधीन, आणि तिच्यासह अमेरिकेला परत.

३/ या निकालाची वाट दोन वर्षांपूर्वीच आखली गेली होती. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका पंजाबी गृहस्थाला पत्नीच्या खुनाचा कट रचल्याबद्दल शिक्षा झाली. पत्नीनेच रदबदली केल्यामुळे तो प्रोबेशनवर सुटला आणि पुढे मुलाला घेऊन भारतात आला. उपकाराची अशी फेड क्वचितच कोणी केली असेल!

४/ पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाला मात्र परमुलुखात एकटी राहणाऱ्या आईपेक्षा आजी-आजोबांचे सुस्थित घर मुलासाठी बरे वाटले. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी हा निर्णय फिरवला. आईची आठवड्याची १०० पौंडांची कमाई मुलाच्या संगोपनास पुरेशी आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. शिवाय, ज्या देशाशी मुलाच्या आयुष्याचा सर्वांत निकटचा संबंध आहे, तेथील न्यायालयानेच ताब्याचा प्रश्न सोडवावा, हे तत्त्व मांडले. विमानात बसवून मूल दुसरीकडे नेल्याने न्यायालय बदलता येणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

५/ याच्या उलट दिशेला जाणारा एक जुना निकाल होता. १९४६च्या नाताळच्या आदल्या दिवशी एक अमेरिकन पिता मुलासह कॅनडात गेला. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने ताबा आईला दिला होता. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला, आणि १९५१ मध्ये तिने ठरवले की परदेशी आदेशाला वजन द्यावे, पण तो बंधनकारक नाही; मुलाचे हित कॅनडातील न्यायालय स्वतंत्रपणे पाहू शकते. मूल पित्याकडेच राहिले.

६/ असा पळ काढण्यातला फायदाच नाहीसा व्हावा, म्हणून २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील मूल बेकायदा नेले असेल, तर ते आधी नेहमीच्या राहत्या देशात परत पाठवायचे. ताब्याचा वाद तेथे चालेल. मात्र वर्ष उलटून गेले आणि मूल नव्या जागी रुळले, किंवा परत पाठवण्यात गंभीर धोका असला, तर न्यायालय नकार देऊ शकते.

७/ करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो ताबा न मिळालेला, सूडाने पेटलेला बाप. पुढील पाहण्यांतून निराळेच दिसले : मूल घेऊन निघणाऱ्यांत बहुसंख्य आया होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणी मुलाच्या मुख्य सांभाळकर्त्या होत्या. काही छळाला कंटाळून माहेरी परतणाऱ्याही. भारतातील पुढचा सारा वाद या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

८/ नोव्हेंबर १९९७. महिनाभराचे तान्हे बाळ घेऊन अमेरिकेहून परतलेल्या आईचा खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आला. मूल बारा वर्षांहून अधिक काळ तिच्याकडेच वाढले होते. न्यायालयाने १९५१च्या त्याच निकालाचा आधार घेत आईचा ताबा कायम ठेवला. एव्हाना अमेरिका त्या मुलासाठी केवळ जन्मस्थान उरली होती. न्यायदानातला विलंब येथे आईच्या बाजूने उभा राहिला. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात तोच पळवणाऱ्याच्या बाजूनेही उभा राहू शकतो.

९/ २०१५ मध्ये काटा पुन्हा परदेशी न्यायालयांच्या आदराकडे झुकला. जुलै २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो परत फिरवला. इंग्लंडहून मुलीला घेऊन आलेल्या आईचा तो खटला होता. परदेशी आदेश हा विचारात घेण्याच्या बाबींपैकी केवळ एक. मुलाचे हित सर्वोपरी, असे पीठाने म्हटले. निकाल लिहिला न्यायमूर्ती अजय माणिकराव खानविलकर यांनी. १९८४चे चंद्रचूड आणि २०१७चे खानविलकर, दोघेही जन्माने पुण्याचे. दोघांच्या लेखी मुलाचे हितच अंतिम, आणि तरीही वाटा वेगळ्या!

१०/ विधी आयोगाने २००९ मध्ये हेग करारात सामील होण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही तयार झाला. परदेशात छळ सोसून परतलेल्या स्त्रियांना ‘अपहरणकर्त्या’ ठरवणारा कायदा नको, असा त्यावर तीव्र आक्षेप आला. मग समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१८ मध्ये सादर झाला. करारावर भारताची सही अद्याप झालेली नाही.