मुंबईचे आंदण : दिले काय, घेतले काय?

पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या विवाहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु 'दिले' या एका क्रियापदात कायद्याच्या दृष्टीने चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात : सार्वभौम सत्ता, जमिनीची मालकी, प्रत्यक्ष ताबा आणि तेथे राहणाऱ्यांचे हक्क. त्या एकाच वेळी, एकाच हाताने दिल्या जातात असे नाही.

२३ जून १६६१ च्या तहातील अकराव्या कलमान्वये मुंबईचे बंदर व बेट दुसऱ्या चार्ल्स राजाला आणि त्याच्या वारसांना मिळाले. कागदावर सत्ता गेली. ताबा मात्र गेला नाही. १६६२ साली इंग्रज आरमार येऊन उभे राहिले, तेव्हा गोव्याचे व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो यांनी अधिकारपत्रांतील उणिवांवर बोट ठेवून बेट सोपविण्यास नकार दिला. सर अब्राहम शिपमन आपल्या सैनिकांसह अंजदीव बेटावर खोळंबले. रोगराईने कितीतरी सैनिक दगावले आणि १६६४ साली स्वतः शिपमनही तेथेच वारले. अखेर त्यांचे चिटणीस हंफ्री कुक यांनी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा घेतला. कुक त्या भूमीवर चालले, त्यांनी माती व दगड हातात घेतले, तटाच्या भिंतींना हात लावला, अशी नोंद त्या दिवशीच्या दस्तऐवजात आहे. शब्दाला कृतीची जोड मिळाली, तेव्हाच ताबा पुरा झाला.

तरीही वाद मिटला नाही. 'मुंबई बेट' म्हणजे नेमके कुठपर्यंत? माहीम वेगळे, असे पोर्तुगीजांचे म्हणणे. ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, म्हणून ते एकच बेट, असा कुक यांचा युक्तिवाद. आणि त्यांनी माहीमही घेतले. सीमा स्पष्ट न लिहिल्याचा हा परिणाम.

२७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविले. मोबदला ठरला वर्षाला दहा पौंड, सोन्याच्या नाण्यांत, दर ३० सप्टेंबरला भरावयाचे. जमीन, महसूल, न्यायदान व कायदे करण्याचा अधिकार कंपनीला मिळाला. सार्वभौमत्व राजाकडेच राहिले. येथे मालकी आणि सत्ता यांच्या वाटा निराळ्या झाल्या.

आणि बेटावरची माणसे? कोळी, भंडारी, कुणबी, ख्रिस्ती शेतकरी यांना कोणी विचारले नाही. तथापि तहातच एक शब्द दिला होता : रहिवाशांना रोमन कॅथॉलिक धर्म पूर्वीप्रमाणे मुक्तपणे पाळता येईल. जमिनींचा तंटा पुढे गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए यांच्या काळात मिटला. १६७२ ते १६७४ या काळात झालेल्या करारान्वये जमीनधारकांनी मिळून वर्षाला वीस हजार अशरफ्या द्याव्यात आणि आपल्या जमिनी निर्धास्तपणे उपभोगाव्यात, असे ठरले. राजा बदलला म्हणून कसणाऱ्याचा हक्क आपोआप बुडत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

धार्मिक अधिकाराचा प्रश्न अधिक नाजूक होता. १७२० साली कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बेट सोडावयास लावले आणि कार्मेलाइट व्हिकर अपोस्तोलिक यांना कारभार दिला. भूमीबरोबर धर्मप्रांताची सूत्रेही राज्यकर्त्याच्या हाती जातात काय? पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो हक्क आणि रोमच्या प्रॉपगांडाचा अधिकार यांच्यातील या ओढाताणीतून १७९४ पासून मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र निर्माण झाले. शेजारशेजारच्या चर्चमधील भाविक दोन निरनिराळ्या धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहिले. १९२८ साली पोप व पोर्तुगाल यांच्यातील कराराने ही फूट मिटली. एका सहीने निर्माण झालेला गुंता सुटायला कित्येक पिढ्या लागल्या.

आपल्याजवळ जे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, हे रोमन कायद्याचे जुने सूत्र आहे. राजांना लागू असलेले हे सूत्र आपल्या वाडीलाही लागू आहे. सातबारा हा महसुलाचा दप्तरी उतारा आहे. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही. कुलमुखत्यारपत्राने कामाचा अधिकार मिळतो, जमीन मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केले आहे. आणि १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्राविना वारलेल्या ख्रिस्ती आईवडिलांच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी असते. म्हणून 'घरातलीच गोष्ट आहे' असे म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवताना, ती काय सोडते आहे हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखविणे हे भावाचे कर्तव्य आहे.

मुंबईच्या कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्या घरात तरी सहीपूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत : काय दिले जात आहे, ते देणाऱ्याचे आहे काय, आणि त्यावर आणखी कोणाचा हक्क उरतो?