हेगचा निवाडा आणि बंदिवानाचा हक्क

८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली, ही हकीकत आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. उडीनंतरचा वाद मात्र फारसा कोणी सांगत नाही. आम्हांस तोच मांडावयाचा आहे.

फ्रेंच शिपायाने सावरकरांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. राजकीय आरोपीचा आश्रयाचा हक्क असा कसा मोडला, हा सवाल पॅरिसमध्ये मादाम कामा आणि जाँ लाँगे यांनी उठविला. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले. तंटा हेगच्या पंचांपुढे गेला.

पंचांचा निकाल लागण्यापूर्वीच मुंबईच्या विशेष न्यायालयाने दोन जन्मठेपा ठोठावल्या. तेथे ना ज्यूरी, ना अपील! पुढे २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी सांगितले की, हवाली करण्यात अनियमितपणा झाला खरा, तरी कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. इंग्रजांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. फ्रेंच पोलिसांना आगाऊ सूचना होती, बळजोरीही झाली नव्हती. आमचा आक्षेप निराळा आहे. भांडली ती दोन सरकारे. ज्याचे आयुष्य पणास लागले, तो पक्षकारच नव्हता.

१७ जुलै २०१९ रोजी हेगलाच आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणी १५ विरुद्ध १ मतांनी ठरविले की, जाधवांना त्यांचे हक्क न सांगून आणि वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला. शिक्षेच्या फेरविचाराचा आदेश झाला, सुटकेचा नव्हे. न्याय पुरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि परक्या मुलखातील बंदिवानालाही स्वतःचा हक्क असतो, ही गोष्ट १९११ च्या निवाड्यात नव्हती. ती आता निवाड्यात आली आहे.